रेंडरचा वेळ : तो कोठे जातो आणि कोणाचा वाचतो



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा आम्ही नव्या कामगार कायद्यांवर बोलावे, अशी त्यांची अपेक्षा होती. तो विषय मोठा आहे आणि त्यावर बोलणारी अधिकारी माणसे पुष्कळ आहेत. आम्ही उलट हा विषय सुचविला आणि त्यांनी तो कुरकुर न करता मान्य केला, याबद्दल प्रथम त्यांचे आभार. पत्रिकेत विषय वाचून दोघातिघांनी आम्हांस रस्त्यात गाठले आणि विचारले, "काय हो, तुम्ही युनियनचा माणूस, व्हिडिओच्या रेंडरशी तुमचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. तूर्त एवढेच सांगतो की, ज्या कामात माणूस यंत्रापुढे बसतो, यंत्राच्या गतीने त्याचा दिवस मोजला जातो आणि त्या मोजणीवरून मालक व मजूर यांच्यात वाद निघतो, ते काम आमच्या कक्षेबाहेरचे नाही.

आमचे शाळेतील शिक्षण बेताचेच. दहावीनंतर आम्ही इचलकरंजीत मागावर उभे राहिलो. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. गेली काही वर्षे त्या कचेरीत मागवाल्यांबरोबर एक नवा कामगार येऊ लागला आहे. लग्नाची, वास्तुशांतीची, जयंती-मिरवणुकीची चित्रे जोडून त्यांचा सलग व्हिडिओ करणारा हा कामगार. गावात या कामाला अजून 'मिक्सिंग' म्हणतात. मुले वीस ते तीस वर्षांची, पगार तुटपुंजा, आणि लग्नसराईत सकाळी नऊला दुकानात शिरलेला मुलगा रात्री कधी बाहेर पडेल याचा नेम नाही. त्यांची तक्रार अशी होती की, रेंडर चालू असतानाचे तास मालक हजेरीत धरत नाहीत. मालकाचे म्हणणे, "त्या वेळी यंत्र काम करते, तू तर नुसता बसलेला असतोस." ही तक्रार समजून घ्यायची तर रेंडर म्हणजे काय हे समजून घेणे भाग होते. मुलांनीच आम्हांस शेजारी बसवून ते शिकविले. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो. श्रोत्यांत मिक्सिंग करणारे थोडे असतील, दुकानवाले त्याहून थोडे; परंतु घरच्या लग्नाचा व्हिडिओ करून घेतलेले तर आपण सारेच आहोत. तेव्हा हा विषय परका समजू नये.

व्हिडिओ म्हणजे वस्तुतः स्थिर चित्रांची माळ. आपल्याकडे सेकंदाला २५ चित्रे ही रीत जुनी. असेच दीड तासाचे एखादे व्याख्यान घ्या. दीड तासाचे सेकंद ५,४००. त्यांना २५ ने गुणले की १,३५,००० चित्रे झाली. संकलक जेव्हा पडद्यावर तुकडे कापतो, जोडतो, रंग सुधारतो, खाली वक्त्याचे नाव घालतो, तेव्हा तो प्रत्यक्षात चित्रे बनवीत नसतो; तो फक्त आज्ञा लिहून ठेवीत असतो. येथून येथपर्यंत कापा, हे उजळ करा, हे नाव येथे दाखवा. या आज्ञांची यादी घेऊन शेवटी संगणक एकेक चित्र हाती घेतो, त्यावर सांगितलेली क्रिया करतो आणि नवीन फाईल लिहितो. याचे नाव रेंडर. १,३५,००० चित्रांपैकी प्रत्येकास एका सेकंदाचा केवळ सहावा भाग लागला तरी एकंदर २२,५०० सेकंद, म्हणजे सव्वासहा तास होतात. माणसाला डोळ्याची पापणी लवण्याइतका वाटणारा वेळ गुणाकाराने रात्र खाऊन टाकतो. कापड गिरणीत एका पिकाला लागणारा वेळही असाच डोळ्यांना दिसत नाही. थान उतरले म्हणजे दिसतो.

हा वेळ फार मोठाही होऊ शकतो. १९९५ साली आलेला 'टॉय स्टोरी' हा संपूर्णपणे संगणकावर काढलेला पहिला लांबीचा चित्रपट. त्यात १,१४,२४० चित्रे होती आणि ती तयार करण्यास ११७ संगणकांचे मिळून आठ लाख यंत्र-तास लागले. भागाकार केला तर दर चित्राला सरासरी सात तास पडतात. अर्थात तेथे चित्रे शून्यातून घडवायची होती. आपल्या मुलांना ती कॅमेऱ्यातून आयती मिळतात. पण तेथे ११७ संगणक होते आणि येथे एकच आहे, तोही मालकाने मागील दिवाळीला जुन्या बाजारातून आणलेला. त्यामुळे या मुलाला वेळेचा विचार हिशेबाने करावा लागतो.

आता हा वेळ जातो कोठे? सामान्य समजूत अशी की रेंडर हे एकच काम आहे, आणि ते हळू चालते याचा अर्थ संगणक जुना झाला. मालकही असेच समजतो, आणि विक्रेत्याला तर असे समजणे फायद्याचेच. वास्तविक त्यात तीन वेगळी कामे आहेत. आधी कॅमेऱ्याची फाईल उलगडून त्यातून चित्र बाहेर काढायचे. मग त्या चित्रावर रंग, आकार, अक्षरे यांची क्रिया करायची. आणि शेवटी ते चित्र पुन्हा दाबून नव्या फाईलीत बसवायचे. कोणाचा वेळ पहिल्या कामात जातो, कोणाचा दुसऱ्यात, कोणाचा तिसऱ्यात. आजार कोणता हे न पाहता औषध आणले तर पैसे जातात आणि रात्र तशीच राहते.

पहिल्या कामाबद्दल थोडे विस्ताराने बोलतो, कारण तेथेच बहुतेकांचा घोटाळा आहे. १९२० बाय १०८० ठिपक्यांचे एक चित्र घेतले तर त्यात २०,७३,६०० ठिपके असतात. दर ठिपक्यास तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे धरले तर एका चित्राचे ६२ लाखांहून अधिक आकडे झाले. सेकंदाला २५ चित्रे म्हणजे सुमारे १५५ मेगाबाइट. दीड तासाचे सुमारे ८४० गिगाबाइट. एवढे साठविणे सोयीचे नाही. म्हणून कॅमेरा आणि मोबाईल ही चित्रे दाबून भरतात. २००३ साली आलेली एच-२६४ ही पद्धत आणि २०१३ ची एचईव्हीसी या दोहोंची युक्ती एकच आहे. ठरावीक अंतराने एक चित्र पूर्ण लिहायचे, आणि मधल्या चित्रांपुरता फक्त 'मागच्या-पुढच्या चित्राहून काय बदलले' एवढाच टिपण ठेवायचा. वक्ता बोलतो आहे, मागचा पडदा हलत नाही. मग पडदा पुन्हा पुन्हा कशाला लिहा? युक्ती नामी आहे, जागा पुष्कळ वाचते. पण जागा वाचली ती फुकट वाचली नाही. मधले एखादे चित्र हवे असेल तर संगणकाला मागच्या पूर्ण चित्रापर्यंत जावे लागते आणि तेथून सारे बदल करीत करीत यावे लागते. सलग पाहणाऱ्या प्रेक्षकाला याचा त्रास नाही. संकलक मात्र सारखा मागेपुढे जातो, तीन कॅमेऱ्यांच्या फाईली एकाच वेळी उघडतो, मधूनच कापतो. त्याला तो त्रास पावलोपावली होतो.

मागवाल्यांना हे लगेच समजेल. कच्चे सूत तसेच मागावर चढविले तर काय होते? दर मिनिटास तार तुटते, माग थांबतो, आणि विणकर माग चालविण्याऐवजी तारा जोडीत बसतो. म्हणून सूत आधी बीमवर घेतात, त्याला खळ देतात, वहिफणी करतात, आणि मगच माग सुरू होतो. सायझिंगला वेळ लागतो, खर्च येतो. पण सायझिंग टाळून वेळ वाचविला असे कोणी शहाणा म्हणत नाही. संकलनातही अशीच पूर्वतयारी आहे. कॅमेऱ्याची फाईल आरंभीच उलगडून अशा पद्धतीत लिहून ठेवायची की जेथे प्रत्येक चित्र स्वतंत्र आणि पूर्ण आहे. ॲपलची प्रोरेस ही २००७ ची पद्धत, किंवा ॲव्हिडची डीएनएक्सएचडी, या याच कामाच्या. त्यांच्या फाईली मोठ्या होतात. साध्या प्रोरेस ४२२ मध्ये दीड तासाचे व्याख्यान सुमारे ८२ गिगाबाइट जागा घेते. तीन कॅमेरे असले तर अडीचशे गिगाबाइट झाले. पण संगणकाला त्या उलगडण्याचे श्रम थोडे पडतात. रात्री घरी जाताना हे रूपांतर लावून द्यावे. सकाळी माग चढविलेला तयार.

येथे एक बारकावा आहे आणि तो न समजल्यामुळे पुष्कळ मुले फसतात. 'प्रॉक्सी' म्हणून एक सोय बहुतेक संकलन-प्रणालींत असते. मूळ फाईलीची एक लहान, हलकी नक्कल करायची, संकलन त्या नकलेवर करायचे, आणि शेवटी संगणक आपोआप मूळ फाईल घेऊन रेंडर करतो. यामुळे संकलन करताना हात अडखळत नाही, हे खरे. पण शेवटच्या रेंडरचा वेळ यामुळे कमी होत नाही, कारण त्या वेळी मूळ फाईलच उलगडावी लागते. प्रॉक्सी केली तरी रेंडरला तेवढाच वेळ का, असे विचारीत एक मुलगा आमच्याकडे आला होता. उत्तर एवढेच की, प्रॉक्सीने त्याचा दिवस वाचला, रात्र नाही. रात्र वाचवायची तर मूळ मालच सुलभ पद्धतीत आणला पाहिजे, नाही तर तो मूळ माल उलगडणारे यंत्र संगणकात पाहिजे.

असे यंत्र असते. संगणकाच्या मुख्य मेंदूवर सारा भार न टाकता, केवळ व्हिडिओ उलगडण्या-दाबण्यासाठी वेगळी वायरिंग केलेला भाग इंटेलने २०११ पासून आपल्या प्रोसेसरांत घातला, त्याला क्विक सिंक म्हणतात. एनव्हिडियाने २०१२ पासून आपल्या कार्डांत दाबण्यासाठी घातला, त्याला एनव्हेंक म्हणतात. पण त्यातही खाचखळगे आहेत. नवे कॅमेरे दहा-बिटांची, रंगाचा तपशील अधिक ठेवणारी '४२२' जातीची फाईल देतात. ती उलगडण्याची सोय इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरांत होती, परंतु एनव्हिडियाच्या कार्डांत ती २०२५ सालच्या ५० मालिकेपासून आली. म्हणजे त्यापूर्वीचे कार्ड कितीही महागाचे घेतले तरी या एका जातीच्या फाईलीपुढे ते हात टेकते. आमच्या परिचयाच्या एका दुकानात नेमके असे कार्ड आणले होते. कॅमेऱ्यातच साधी आठ-बिटांची '४२०' पद्धत निवडली असती तर एक पैसाही खर्च न होता काम झाले असते. लग्नाच्या मांडवात, चांगल्या उजेडात, त्या दोहोंतला फरक नवरीच्या मामाला दिसेल असे आम्हांस वाटत नाही. जेथे रंगावर पुष्कळ काम करायचे आहे तेथे दहा बिट घ्यावेत. उगाच मोठेपणासाठी घेऊ नयेत.

दुसरे काम चित्रावरील क्रियांचे. येथे मोठेपणाचा सोस सर्वांत महाग पडतो. हल्ली सारे फोर-के मध्ये काढतात. ३८४० बाय २१६० म्हणजे ८२,९४,४०० ठिपके, बरोबर चौपट. कॅमेऱ्याने फोर-के मध्ये काढावे, त्यात वाईट काही नाही. जवळचे चित्र कापून घेता येते. परंतु गिऱ्हाईक ते मोबाईलवर पाहणार, फार तर घरच्या टीव्हीवर. मग टाइमलाइन १०८० ची ठेवली तर बहुतेक क्रिया चौथाई ठिपक्यांवर कराव्या लागतात. त्याचप्रमाणे चित्रांची गतीही आरंभीच एक ठरवावी. एक कॅमेरा ३० चा, दुसरा २५ चा, आणि मोबाईल तर मनाला येईल तसा. अशी खिचडी केली आणि वर 'ऑप्टिकल फ्लो' ने गती जुळवायला सांगितली, तर संगणकाला मधली चित्रे कल्पनेने रंगवीत बसावे लागते.

सर्वांत जड क्रिया दोन. एक, अंधारात काढलेल्या चित्रातील दाणे घालविणे. दुसरी, हलणारे चित्र स्थिर करणे. पहिलीत संगणक एका चित्राची तुलना मागच्यापुढच्या कित्येक चित्रांशी करतो. एक उदाहरण घेऊ. समजा, एका व्हिडिओचे रेंडर सहा तासांचे आहे. त्यांपैकी चार तास दाणे घालविण्यात जातात, कारण संकलकाने ती क्रिया सरसकट सर्व चित्रांवर लावली आहे. एक तास फाईल दाबण्यात जातो, आणि उरलेला एक तास बाकी कामात. आता मालकाने नवे कार्ड आणले आणि दाबण्याचे काम पाचपट वेगाने होऊ लागले. पाचपट म्हटले की काय वाटते? पण वाचले किती? तासाची बारा मिनिटे झाली, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे वाचली. सहा तासांचे पाच तास बारा मिनिटे. उलट, दाणे फक्त रात्रीच्या वरातीपुरते घालविले आणि ती वरात एकंदर लांबीच्या चौथाई असली, तर चार तासांचा एक तास होतो. तीन तास वाचतात आणि खर्च शून्य. जीन ॲमडाल नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली हीच गोष्ट सूत्रात मांडली: एका भागाचा वेग कितीही वाढवा, एकंदर लाभाला मर्यादा पडते ती उरलेल्या भागाने. गिरणीच्या माणसाला हे सूत्र शिकवावे लागत नाही. सूत वेळेवर येत नसेल तर नवा माग आणून काय करायचे?

म्हणून आमचे मुलांना पहिले सांगणे असे की, रेंडर चालू असताना संगणकाचा टास्क मॅनेजर उघडून बसा. प्रोसेसर पूर्ण भरला आहे आणि ग्राफिक कार्ड मोकळे आहे, की उलट? डिस्क धापा टाकते आहे काय? जुनी फिरती हार्डडिस्क सेकंदाला शंभर-दीडशे मेगाबाइट देते, साधी एसएसडी पाचशेच्या आसपास, आणि एनव्हीएमई त्याच्याही कित्येक पट. पण दाबलेली फाईल सेकंदाला दोन-चार मेगाबाइटच मागत असेल तर जलद डिस्क आणून काही होणार नाही. दहा मिनिटे पाहणे हे दहा हजारांच्या खरेदीपूर्वीचे कर्तव्य आहे. आणि हात लावून पाहावे, यंत्र किती तापले आहे. तापले की संगणक जळू नये म्हणून स्वतःच हळू चालतो. वैशाखात पत्र्याच्या खोलीत, गादीवर ठेवलेला लॅपटॉप हिवाळ्यापेक्षा अधिक वेळ घेतो यात त्याचा काय दोष? पंख्यात साठलेली धूळ झाडणे आणि खाली दोन विटांचा आधार देणे, ही सुधारणा कोणत्याही विक्रेत्याच्या यादीत नसते.

तिसरे काम दाबण्याचे. तेथे वर सांगितलेले यंत्र वापरले तर वेळ पुष्कळ वाचतो. त्याच आकाराच्या फाईलीत दर्जा किंचित कमी पडतो. आकार थोडा वाढविला की भरून निघतो. पेनड्राइव्हवर द्यायच्या लग्नासाठी तेवढे पुरे. 'दोन फेऱ्यां'ची पद्धत वापरली तर संगणक सारा व्हिडिओ एकदा नुसता पाहतो आणि दुसऱ्यांदा लिहितो. वेळ जवळजवळ दुप्पट. आकाराची सक्त मर्यादा नसेल तर तिची गरज नाही.

आणि सर्वांत जलद रेंडर म्हणजे न केलेला रेंडर. अशाच एखाद्या व्याख्यानाचे चित्रण एकाच कॅमेऱ्याने झाले, त्यात फक्त आरंभीची खुर्च्यांची हलवाहलव आणि शेवटचे आभार कापायचे आहेत. अशा वेळी पुन्हा उलगडून, पुन्हा दाबून, तीन तास यंत्र तापविण्याचे कारण काय? एफएफएमपेग नावाची एक फुकट प्रणाली आहे, २००० साली फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेली. ती फाईल न उलगडता नुसती कापून उतरवून घेते. कात्री फक्त पूर्ण चित्राच्या जागी लागते, म्हणून सेकंद-दोन सेकंद इकडेतिकडे होतात, पण काम फाईल उतरवून घेण्याच्या वेळात होते. आम्हांस हे प्रथम दाखविले तेव्हा मालकाने विचारले, "मग मी गिऱ्हाइकाकडून मिक्सिंगचे पैसे कशाचे घेऊ?" हा प्रश्न पुढच्या भागाचा आहे, आणि मालकाने तो बरोबर जागी विचारला.

मुलांना आम्ही एक महिना वही ठेवायला सांगितली. रेंडर केव्हा लावला, केव्हा संपला, आणि पुन्हा लावावा लागला असेल तर कशासाठी, एवढेच लिहायचे. महिना संपल्यावर वही वाचली तेव्हा जे दिसले ते कोणत्याही यंत्राच्या जाहिरातीत नव्हते. पुन्हा लावलेल्या रेंडरांतील सर्वांत मोठा वाटा नावांचा होता. आत्याचे नाव राहिले, 'कै.' लावायचे ते जिवंत माणसाला लागले. व्याह्यांचे आडनाव चुकले. नवरदेवाच्या मित्राला गाणे आवडले नाही. एका व्हिडिओचा रेंडर पाच वेळा लागला होता. दहा सेकंदांच्या अक्षरांसाठी तीन तासांची चित्रे पाच वेळा घडविली गेली. याला तांत्रिक उपाय आहे: पहिल्या वेळी प्रोरेससारख्या पद्धतीत मूळ प्रत करून ठेवायची आणि दुरुस्ती आली की तेवढाच तुकडा बदलून बाकीचे तयार आहे तसे वापरायचे. पण खरा उपाय यंत्रात नाही. तो असा की, नावांची यादी गिऱ्हाइकाकडून लेखी, सहीनिशी घ्यायची. लहान आकाराची हलकी प्रत आधी दाखवून मंजुरी घ्यायची. आणि दोन दुरुस्त्यांनंतर प्रत्येक दुरुस्तीला वेगळे पैसे. श्रोतेहो, येथे आपला संबंध येतो. "एवढेसे नाव तर बदलायचे आहे, त्याला काय लागते?" असे आपण दुकानात म्हणतो, तेव्हा कोणाची तरी रात्र लागते.

आता वाचलेल्या वेळेविषयी. समजा हे सारे केले आणि सहा तासांचे दोन तास झाले. चार तास वाचले ते कोणाचे? मुलाला वाटते, आपण लवकर घरी जाऊ. मालकाला वाटते, आता महिन्याला आठ लग्नांऐवजी बारा उरकतील. गिऱ्हाइकाला वाटते, आता स्वस्त व्हावे. तिघांचेही वाटणे समजण्यासारखे आहे, पण वेळ एकच आहे.

हा वाद नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला, दीड लाखांच्या घरात कामगार त्यात होते. अनेक कारणांपैकी एक प्रमुख कारण असे होते की, काही गिरण्यांनी एका विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळावे अशी योजना आणली होती. मालकांचे म्हणणे, सूत सुधारले, माग सुधारले, तारा कमी तुटतात. मग माणूस रिकामा उभा कशाला? कामगारांचे म्हणणे, तिसऱ्या मागाने जो आमच्या सोबत्याचा रोजगार जातो आणि आमची पाठ मोडते, त्याच्या बदल्यात आम्हांला काय? तंत्राने श्रम वाचतात हे दोघांनाही मान्य होते. तंट्याचे मूळ वाटपात होते.

आम्ही यंत्राचे शत्रू नाही. काही जुने कार्यकर्ते आम्हांस म्हणतात, मुलांना जलद रेंडर शिकवू नका, मालक काम वाढवील. हे आम्हांस पटत नाही. रात्री दोन वाजता खुर्चीत पेंगत, वीज गेली तर काय, या धास्तीने पडद्यावरची टक्केवारी पाहत बसणे यात कोणाचे कल्याण आहे? पण त्याचबरोबर, यंत्र जलद झाले की कामगार आपोआप मोकळा होतो, हेही इतिहासाने खरे ठरविलेले नाही. आपल्या देशात कारखान्याचा आठवडा १९२२ साली ६० तासांचा झाला, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत ५४ चा, आणि १९४६ च्या दुरुस्तीने ४८ चा. त्या चोवीस वर्षांत यंत्रे सुधारली हे खरे, पण तास यंत्रांनी कमी केले नाहीत. ते मागावे लागले.

राहिला तो मूळ वाद: रेंडर चालू असताना बसलेला मुलगा कामावर आहे की नाही? आमचे मत स्पष्ट आहे. मालकाच्या सांगण्यावरून, मालकाच्या जागेत, मालकाच्या यंत्राकडे लक्ष ठेवीत माणूस थांबला असेल तर तो कामावर आहे. रखवालदार रात्रभर बसतो. चोर आला नाही म्हणून त्याचा पगार कोणी कापत नाही. १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरते असे तत्त्व घालून दिले की, कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही किंवा यंत्र मोडले म्हणून मालकास काम देता आले नाही, तर कामगाराला निम्मी मजुरी द्यावी. येथे तर यंत्र मोडलेले नाही, पूर्ण वेगाने मालकाचा नफा विणते आहे. चार कामगारांच्या दुकानाला तो नियम लागू नव्हता, हे आम्ही जाणतो. तत्त्व मात्र दुकान लहान म्हणून लहान होत नाही.

उलट बाजूने दुकानदाराचीही अडचण ऐकावी. लग्नसराई चार महिन्यांची, भाडे बारा महिन्यांचे. आणि गिऱ्हाईक व्हिडिओ पसंत नाही म्हणून निम्मे पैसे अडकवून ठेवते. त्याला शत्रू ठरवून हा प्रश्न सुटत नाही. आम्ही ज्या दुकानात बसलो तेथे दोन गोष्टी ठरल्या. थांबायला सांगितले तर ते तास हजेरीत धरायचे. थांबण्याची गरज नसेल तर रेंडर रांगेत लावून, संगणक बॅटरी-बॅकअपवर ठेवून, मुलाने वेळेवर घरी जायचे. बॅकअपच्या बॅटरीचा खर्च मालकाने केला, आणि दोन महिन्यांत त्याने स्वतःच कबूल केले की रात्रीचे चहा-नाश्त्याचे बिल त्याहून अधिक होत होते. नावांच्या यादीवर सही घेण्याची पद्धतही तेथे सुरू झाली आहे. तिसरी गोष्ट, म्हणजे वाचलेल्या तासांत आणखी लग्ने घेतली तर दर लग्नामागे मुलांना काय, यावर अजून एकमत झालेले नाही. मालक दिवाळीला बोनस देऊ म्हणतो. मुले दर कामावर ठरावीक रक्कम मागतात. आम्ही मुलांच्या बाजूचे आहोत, कारण बोनस देणाऱ्याच्या मर्जीवर असतो आणि दर कागदावर. मृगाच्या सुमारास लग्ने थांबली की पुन्हा बैठक आहे.

मिक्सिंग करणारी जी मुले आज आली आहेत त्यांच्यासाठी वहीचा नमुना आम्ही छापून आणला आहे. चार रकाने आहेत: लावला, संपला, पुन्हा का, आणि कोणी सांगितले. दाराजवळच्या टेबलावर प्रती ठेवल्या आहेत, एकेक घेऊन जावी. अध्यक्षांची परवानगी असेल तर आता आपले प्रश्न घेतो.